इन्क्विझिशनचा आकडा सांगण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्यातल्या इन्क्विझिशनबद्दल, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाबद्दल, सध्या दोन मजकूर आलटून पालटून फिरत असतात. एकात ‘हजारो हिंदूंना जिवंत जाळले’ असे असते. दुसऱ्यात ‘अडीचशे वर्षांत फक्त ५७ जाळले, मग एवढा गाजावाजा कशाला’ असे असते. वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांतही हेच दोन आकडे येतात आणि त्यावर पुढचे दोन आठवडे पत्रे चालतात. धर्मछळाच्या इतिहासाचे वेड एकदा लागले की ते जन्मभर सुटत नाही, आणि मराठी वाचकाचे ते वेड बहुतेक वेळा गोव्यापासूनच सुरू होते. म्हणून हौशीने हा विषय वाचणाऱ्यांसाठी हे थोडे लांबलेले पत्र. पगडी कोणाची हे न पाहता कागद कोणाचा हे पाहिले, तर निम्मे वाद जागीच मिटतात.

पहिला प्रश्न ‘किती’ हा नाही, ‘कोणी केले’ हा आहे. गोव्यात तीन वेगळ्या यंत्रणा काम करत होत्या. एक, राज्य, म्हणजे लिस्बनचा राजा आणि गोव्यातला व्हाइसरॉय. दुसरी, आर्चबिशप, त्याच्या धर्मसभा आणि जेझुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन हे संघ. तिसरी, इन्क्विझिशन, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या माणसाची श्रद्धा तपासणारे न्यायालय. तिघांचे हितसंबंध जुळत, पण पुष्कळदा भांडणेही होत. व्हाइसरॉय आणि इन्क्विझिटर यांच्या एकमेकांविरुद्धच्या तक्रारी लिस्बनच्या दप्तरात भरपूर आहेत. आपल्याकडे मात्र तिघांचे सगळे एकाच नावावर जमा होते.

तिसवाडीतली, म्हणजे गोवे शहराभोवतीच्या बेटांवरची देवळे १५४०-४१ मध्ये पाडली गेली आणि त्यांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवले गेले. इन्क्विझिशन गोव्यात आले १५६० मध्ये, म्हणजे त्यानंतर वीस वर्षांनी. साष्टीतली देवळे १५६६-६७ मध्ये पडली, ती राशोलच्या किल्ल्याचा कप्तान दियोगु रोद्रिगिश याच्या हातून. हे सरकारी आणि लष्करी काम होते, न्यायालयाचे नव्हे. पोरक्या हिंदू मुलांना जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात देऊन बाप्तिस्मा द्यावा, हा १५५९ चा हुकूम राजाचा. ३१ जानेवारी १६२० चा, गोवे शहरात आणि बेटांवर हिंदूंनी लग्न लावू नये, नाहीतर १,००० अशरफी दंड, हा हुकूमही सरकारी. एक अशरफी, म्हणजे पोर्तुगीज शेराफीं, पाच टांगांची, ३०० रेइशची. दंडाची रक्कम म्हणजे तीन लाख रेइश. कोकणीवरचा १६८४ चा हुकूम व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर याचा आहे. एतद्देशीयांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावे आणि कोकणी सोडावी, असे त्यात होते. आदल्याच वर्षी संभाजीराजांनी गोव्यावर धाड घातली होती, हे ध्यानात ठेवून तो वाचावा. शेंडी कर, म्हणजे शेंडी ठेवणाऱ्या हिंदूंवरचा कर, हीदेखील सरकारची वसुली. छळ तिघांनीही केला. पण तो कोणत्या दाराने आला हे सांगितले नाही, तर पुढचा एकही कागद नीट वाचता येत नाही.

आणखी एक नेहमीची चूक. ‘फ्रान्सिस झेवियरने इन्क्विझिशन चालवले’ असे सर्रास लिहिले जाते. झेवियरने १६ मे १५४६ रोजी आंबोनहून राजा तिसरा जुआंव याला पत्र लिहून गोव्यासाठी इन्क्विझिशन मागितले, हे खरे. ती मागणी ज्यू धर्म आणि इस्लाम गुप्तपणे पाळणाऱ्यांच्या संदर्भात होती, हेही खरे. पण तो १५५२ मध्ये वारला. न्यायालय सुरू केले ते १५६० मध्ये आलेल्या आलेइशु दियाश फाल्कांव आणि फ्रान्सिश्कु मार्किश बोतेल्यु या दोघांनी. पत्र लिहिल्याचा ठपका झेवियरवर जरूर ठेवावा. खुर्चीवर मात्र त्याला बसवू नये.

आता आकडे. ५७ हा आकडा आला कुठून? १६०० ते १७७३ या काळातल्या ७१ जाहीर ‘ऑतो द फे’ समारंभांच्या, म्हणजे शिक्षा सर्वांसमोर सुनावण्याच्या सोहळ्यांच्या, याद्यांतून. त्या याद्यांत ५७ माणसे प्रत्यक्ष जाळलेली, ६४ जणांचे पुतळे जाळलेले, आणि ४,०४६ जणांना इतर शिक्षा. जाळलेल्यांत, पुतळे धरून, १०५ पुरुष आणि १६ स्त्रिया. इतर शिक्षांत ३,०३४ पुरुष आणि १,०१२ स्त्रिया. बेरीज करून पाहावी, जुळते. म्हणजे याद्यांत आलेल्या ४,१६७ जणांत प्रत्यक्ष जाळलेले दीड टक्क्याच्याही आत आहेत. ‘हजारो जाळले’ हे विधान इथेच पडते.

पण ‘फक्त ५७’ हेही इथेच पडते. यादी १६०० पासूनची आहे, न्यायालय त्याआधी चाळीस वर्षे चालू होते, आणि ती पहिली चाळीस वर्षे ज्यू वंशाच्या ख्रिस्त्यांवर फार कडक होती. गोव्यातला वैद्य गार्सिया द ओर्ता याची बहीण कातारिना हिला १५६९ मध्ये गोव्यात जाळले. ती या ५७ मध्ये नाही, असूच शकत नाही. शिवाय ही यादी जाहीर समारंभांची आहे. जो कोठडीत मेला तो पुतळ्याच्या रकान्यात येतो किंवा कुठेच येत नाही. जे चौकशी होऊन दाराआडच शिक्षा घेऊन गेले, तेही इथे नाहीत. एकूण खटल्यांचा अभ्यासकांनी धरलेला आकडा १५६१ ते १७७४ साठी १६,२०२ आहे, म्हणजे वर्षाला सरासरी पंचाहत्तर. आकडा छापताना त्यासोबत तीन गोष्टी द्यायलाच हव्यात: कोणती वर्षे, कोणत्या प्रकारची यादी, आणि मोजले ते खटले की माणसे. एका माणसावर दोनदा खटला होत असे. दुसऱ्यांदा सापडलेला ‘पुन्हा घसरलेला’ ठरे आणि जाळण्याची शिक्षा बहुतेक अशांनाच होई. त्यामुळे खटले मोजले की माणसे फुगतात आणि माणसे मोजली की खटले गळतात.

मूळ कागद मिळत नाहीत, याचे कारणही ठाऊक असावे. पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने १७७४ मध्ये गोव्याचे न्यायालय बंद केले. पहिल्या मारिया राणीच्या काळात १७७८ मध्ये ते पुन्हा उघडले, थोड्या नरम नियमांनी. कायमचे बंद झाले ते १८१२ मध्ये, राजदरबार रिओ द जानेइरोला असताना आणि इंग्रजांचा दबाव असताना. तेव्हा गोव्यात खटल्यांच्या कागदांचे मोठे दप्तर पडून होते. काय करायचे, असे व्हाइसरॉय कोंदी द सार्झेदाश याने दरबाराला विचारले, आणि शेवटी ते दप्तर जाळले गेले. उरले काय? लिस्बनला पाठवलेला पत्रव्यवहार तोर्रे दु तोंबु या दप्तरखान्यात आहे. बराच भाग रिओच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, कारण राजदरबार तेव्हा तिथे होता. आणि एक अनमोल वस्तू लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे: इन्क्विझिशनचा अधिकारी जुआंव देलगादु फिगेइरा याने तयार केलेली, १५६१ ते १६२३ मधल्या ३,८०० खटल्यांची सूची. नाव, राहण्याचे ठिकाण, आरोप, निकाल, असे ओळीओळीने. गोव्याच्या पहिल्या साठ वर्षांवर जे काही आकडेवार लिहिले जाते, ते बहुतेक या एका सूचीवर उभे आहे. म्हणूनच १५६१-१६२३ बद्दल आपल्याला बारीक माहिती आहे, आणि त्यानंतरच्या काळाबद्दल याद्या, पत्रे आणि फिर्यादी यांवर भागवावे लागते. एखादा लेख १६८० सालच्या ‘खटल्याच्या कागदा’तून आरोपीचे बोलणे अवतरणचिन्हात देत असेल, तर तो कागद कोणत्या दप्तरात आहे हे आधी विचारावे.

शब्दांत पाय घसरतात ते आणखी वेगळे. पोर्तुगीज शब्दकोश उघडून ‘रेलाशादु’ पाहिले तर अर्थ मिळतो ‘सोडलेला’. आणि हौशी वाचक लिहून मोकळा होतो की अमुक आरोपी सुटला! प्रत्यक्षात ‘रेलाशादु’ म्हणजे धर्मन्यायालयाने हात झटकून सरकारच्या हवाली केलेला, म्हणजेच जाळायला दिलेला. ‘एं कार्नि’ पुढे असेल तर देहाने, ‘एं इश्तातुआ’ असेल तर पुतळ्याने. चर्चने स्वतः रक्त सांडायचे नाही हा नियम पाळण्यासाठी केलेली ही शब्दांची कसरत.

‘क्रिस्तांव नोवु’, नवा ख्रिस्ती, हा त्याहून वाईट खड्डा. मराठीत वाचताना वाटते, नुकताच बाटलेला गोंयकार. पोर्तुगीज कायद्यात हा शब्द पोर्तुगालमधल्या ज्यू वंशाच्या ख्रिस्त्यांसाठी आहे, मग त्यांच्या पणजोबांचा बाप्तिस्मा झालेला का असेना. इथल्या धर्मांतरितांना ‘क्रिस्तांव द तेर्रा’, या भूमीतले ख्रिस्ती, किंवा ‘नव्याने धर्मांतरित’ म्हणत. ‘जुदाइज्मु’ हा आरोप पहिल्या गटावर, ‘जेंतिलिदादि’, म्हणजे हिंदू चालीरीती पाळल्याचा आरोप, दुसऱ्यावर. ‘जेंतियु’ म्हणजे बाप्तिस्मा न झालेला हिंदू, ‘मोरु’ म्हणजे मुसलमान. हे चार-पाच शब्द वेगळे ठेवले की लक्षात येते, सुरुवातीच्या दशकांत या न्यायालयाचा मुख्य रोख ज्यू वंशाच्या व्यापाऱ्यांवर होता, आणि पुढे तो इथल्या ख्रिस्त्यांच्या घरातल्या तुळशीवर आणि ओव्यांवर वळला.

बाप्तिस्मा न झालेल्या हिंदूवर न्यायालयाचा अधिकार मर्यादित होता. धर्मांतराला अडथळा आणणे, ख्रिस्त्याला परत हिंदू चालीकडे ओढणे, ख्रिस्ती माणसासमोर पूजाअर्चा करणे, अशा कारणांनी त्याला धरत. ‘इन्क्विझिशनने हिंदूंना बाटवले’ हे वाक्य म्हणून उलटे आहे. बाटवणारे दुसरे होते. बाटलेला बाटलेलाच राहतो की नाही, हे पाहणारे हे न्यायालय होते. त्याचा धाक हिंदूलाही होता, पण कोठडीत मोठ्या संख्येने गेला तो इथला ख्रिस्ती. दोन्ही बाजूंच्या मजकुरांत हे सहसा येत नाही, कारण ते कोणाच्याच सोयीचे नाही.

कामकाजाची पद्धत समजून घेतल्याशिवाय धाक समजत नाही. न्यायालयाचे नियमपुस्तक होते, ‘रेजिमेंतु’. त्यातले १६४० चे सगळ्यात सविस्तर. सुरुवात जाहीरनाम्याने होई. चर्चमध्ये मिसाच्या वेळी गुन्ह्यांची यादी वाचून दाखवत आणि ठरावीक मुदतीत, सहसा तीस दिवसांत, स्वतःचे किंवा शेजाऱ्याचे सांगा, असे बजावत. न सांगणे हाही गुन्हा. त्यामुळे आपल्या आधी शेजारी सांगून येईल ही भीती हेच मुख्य इंधन होते. फिर्याद आली की पुरेसे साक्षीदार जमेपर्यंत थांबत. मग अटक. गंभीर आरोपांत अटकेबरोबरच घरातल्या मालमत्तेची यादी होऊन तिच्यावर जप्ती येई आणि कैद्याच्या खाण्यापिण्याचा खर्चही तिच्यातूनच जाई. म्हणजे माणूस निर्दोष सुटला तरी घर बसलेले असे.

आत गेल्यावर पहिली बैठक वंशावळीची. आई, बाप, दोन्हीकडचे आजी-आजोबा, भावंडे, बाप्तिस्मा कुठे झाला, प्रार्थना पाठ आहेत का. जिथे असे कागद वाचले आहेत तिथे घराण्यांच्या अभ्यासाला याइतका श्रीमंत साठा दुसरा नाही. दुसऱ्या बैठकीत सर्वसाधारण प्रश्न, तिसरीत नेमके आरोप. दरम्यान तीन वेळा ताकीद: मनात जे आहे ते बोला, कोणी खोटे सांगितले म्हणून नव्हे तर आत्म्याच्या कल्याणासाठी बोला. मग फिर्यादी वकिलाचे आरोपपत्र आणि साक्षी वाचून दाखवणे. इथेच खरी मेख होती. साक्षी वाचताना साक्षीदाराचे नाव, जागा, नेमका दिवस काढून टाकलेला असे. ‘एका व्यक्तीने काही काळापूर्वी अमुक पाहिले’ एवढेच कानावर पडे. आरोपीला बचाव करायचा तर आपले शत्रू कोण असतील ते आठवून त्यांची यादी द्यायची आणि वैर सिद्ध करायचे. यादीत नाव चुकले तर बचाव संपला. आठवेल त्याचे नाव घातले, तर त्यातला एखादा निर्दोष मित्र विनाकारण दुखावलेला. कबुली अर्धवट वाटली तर ती ‘कमी पडलेली कबुली’ ठरे. आणि पुरी म्हणजे काय? ज्यांनी आपल्याविरुद्ध सांगितले त्या सगळ्यांची नावे आपल्या तोंडून यायला हवीत, आणि ती कोण हे तर ठाऊक नाही. म्हणून लोक नावांमागून नावे सांगत सुटत. एका अटकेतून दहा अटका निघतात त्या अशा.

यातना दोन प्रकारच्या होत्या. ‘पोले’, म्हणजे कप्पीला बांधून वर ओढणे, आणि ‘पोत्रु’, म्हणजे लाकडी पलंगावर दोरांनी आवळणे. दोन्हींना मतदान होऊन लेखी हुकूम लागे, डॉक्टर हजर असे, आणि किती वेळा दोर आवळला हे कारकून लिहून ठेवी. जो छळ नोंदवून होतो तो नोंदीमुळे सौम्य होत नाही. पण ‘खिळ्यांची पेटी’ आणि तत्सम संग्रहालयी यंत्रांची चित्रे गोव्याच्या लेखांना जोडली जातात, त्यांचा या न्यायालयाशी संबंध नाही. संपादकांनी एवढे तरी थांबवावे.

निकालात जाळणे क्वचित. गलबतावर वल्ही मारणे, पणेलीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात राबणे, मोझांबिकला हद्दपारी, फटके, धर्मशिक्षणासाठी ठेवणे, आणि ‘सांबेनितु’. हा पिवळा झगा. त्यावर संत अँड्र्यूचा तिरपा क्रूस असला तर पश्चात्ताप स्वीकारलेला. ज्याला जाळायचे त्याच्या करड्या झग्यावर ज्वाळा आणि भुते. ज्वाळा उलट्या, खालच्या बाजूला असल्या तर शिक्षा ठरल्यावर कबुली देऊन वाचलेला. झगा उतरवल्यावर तो नावासकट चर्चमध्ये टांगत. शिक्षा संपली तरी नाव भिंतीवर, पुढच्या पिढीच्या लग्नात आडवे यायला.

हे सगळे आपल्याला बरेचसे कळते ते एका फ्रेंच वैद्यामुळे. शार्ल देलों याला १६७३ मध्ये दमणला पकडले, गोव्याच्या कोठडीत ठेवले, जानेवारी १६७६ च्या समारंभात शिक्षा झाली आणि गलबतावर पाठवले. त्याचे पुस्तक १६८७ मध्ये निघाले. सुमारे दहा फूट लांबी-रुंदीच्या कोठड्या, कॅथेड्रलच्या घंटेचा आवाज, अनवाणी मिरवणूक, या गोष्टी त्याने पाहिल्या होत्या, तिथे तो भरवशाचा साक्षीदार. इतर कैद्यांचे काय झाले, कोणावर काय आरोप होते, हे त्याला कोठडीत बसून कळणे शक्यच नव्हते, कारण कैद्यांना एकमेकांशी बोलू देत नसत. तिथे तो ऐकीव सांगतो. एकाच पुस्तकाची दोन वजने आहेत, ती वेगवेगळी तोलावीत.

महाराष्ट्राचा संबंध विचाराल तर तो कातारिनाच्या भावापासून सुरू होतो. गार्सिया द ओर्ता हा ज्यू वंशाचा वैद्य १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची ऊठबस होती. मुंबई बेट त्याला खंडाने मिळाले होते. १५६३ मध्ये गोव्यात छापलेला त्याचा वनस्पती-औषधींवरचा ग्रंथ आजही वैद्यकाचे अभ्यासक वाचतात. तो १५६८ मध्ये घरी, सन्मानाने वारला. मग बहीण जळाली. १५८० मध्ये त्याचीही हाडे उकरून जाळली. मेलेल्यावर खटला कशाला? कारण दोषी ठरला तर वारसांकडची मालमत्ता जप्त करता येते. त्या वेळच्या कायद्यात याला पूर्ण आधार होता.

गोव्याच्या न्यायालयाची हद्द केप ऑफ गुड होपपासून मकावपर्यंत होती. वसई, चौल, दमण, दीव इथे त्याचे कमिसार, म्हणजे प्रतिनिधी असत. तिथे साक्षी घेत, कैदी मात्र जहाजाने गोव्याला. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा उत्तर कोकणातला हा हात तुटला. वसईच्या मोहिमेत मराठ्यांना साथ देणाऱ्या अणजूरकर नाईकांच्या घराण्याच्या कागदांत फिरंग्यांच्या जाचाची वर्णने येतात. ती खोटी म्हणून टाकू नयेत, पण वतनाची, बक्षिसाची बाजू मांडायला लिहिलेल्या कागदाला स्वतःचा कल असतो, हे धरूनच वाचावे.

नावांचे सापळे इथेच सगळ्यात जास्त. साष्टी दोन आहेत, एक मडगावची, एक ठाणे-वांद्र्याची, आणि दोन्ही फिरंग्यांच्या ताब्यात होत्या. पोर्तुगीजांच्या लेखी ‘बांदोरा’ म्हणजे कधी मुंबईचे वांद्रे, कधी फोंड्याजवळचे बांदोडे. केळशी गोव्यात आहे आणि दापोलीतही. शांतादुर्गा निघाली ती गोव्याच्या केळशीहून, कवळ्याला. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदोड्याच्या रामनाथीला. या देवांनी आसरा घेतला तो अंत्रुज, म्हणजे फोंडे महालात, आणि तो तेव्हा विजापूरच्या आदिलशहाकडे होता. फोंडे शिवाजी महाराजांनी घेतले ते १६७५ मध्ये. ‘देव हिंदू राजाच्या राज्यात गेले’ हे सोळाव्या शतकाबद्दल लिहिणे म्हणून चूक. नदी ओलांडली की फिरंगी कायदा संपतो, एवढाच हिशेब होता. हा भाग पोर्तुगीजांकडे आला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तोही पूजास्थानांना हात न लावण्याचे वचन देऊन. म्हणून मोठी देवळे आज फोंड्यात आहेत आणि मोठी चर्च तिसवाडी, बारदेश, साष्टीत.

तारखांचा घोटाळा एका उदाहरणाने संपवतो. गोव्याच्या साष्टीतल्या कुंकळ्ळी गावात जेझुइट पाद्री मारले गेले, तो उठाव कुठे १५ जुलै १५८३ तर कुठे २५ जुलै १५८३ असा छापतात, आणि दोन गट एकमेकांना खोटे ठरवतात. पोर्तुगालने ४ ऑक्टोबर १५८२ नंतर थेट १५ ऑक्टोबर मोजला. जुन्या पंचांगाचा १५ जुलै आणि नव्याचा २५ जुलै हा एकच सोमवार आहे. १५८२-८३ ची कुठलीही फिरंगी तारीख शकाशी जुळवायची तर आधी हे दहा दिवस तपासावे.

१४ एप्रिल १७३६ चा जाहीरनामा मात्र खरोखर इन्क्विझिशनचा, आणि मराठी-कोकणी वाचकाने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावा. ख्रिस्त्यांनी लग्नात ओव्या म्हणू नयेत. वर-वधूला हळद, तेल, नारळाचा रस लावू नये. विडा-सुपारी आणि फुले पाठवू नयेत. बिनमिठाचा भात करू नये. एकादशीला उपवास धरू नये. दारात तुळस असेल तर उपटावी. पुरुषांनी पुडवे, म्हणजे धोतर, नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये. हिंदू नावाने हाक मारू नये. ही यादी छळाची म्हणून उद्धृत होते, ती आहेच. पण ती दुसऱ्या बाजूनेही वाचावी. देवळे पडून पावणेदोनशे-दोनशे वर्षे झाली, न्यायालय १७६ वर्षे बसले, तरी १७३६ मध्ये ख्रिस्ती घरांत हे सगळे चालू होते, नाहीतर बंदी कशाला घालावी लागली असती? गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नात रोस, म्हणजे हाच नारळाचा रस, आजही लावतात.

याच चर्चच्या राशोलच्या छापखान्यात १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी ख्रिस्तपुराण छापले गेले होते. हिंदू पुराणे हिसकावल्यावर लोकांना दुसरे काहीतरी ओवीतच द्यावे लागते, हे जेझुइटांना कळले होते. हिसकावलेल्या कथाही पुऱ्या नष्ट झाल्या नाहीत. त्यांनी भाषा शिकण्यासाठी रोमन लिपीत उतरवून घेतलेल्या रामायण-महाभारताच्या कोकणी कथा आणि मराठी काव्य पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या ग्रंथालयात आहे. संशोधक अ. का. प्रियोळकरांनी गेल्या शतकातच तिकडे लक्ष वेधले होते. सरकारी हुकूम आणि धर्मसभांचे ठराव पोर्तुगीज अधिकारी आणि अभ्यासक कुन्हा रिवारा यांनी एकोणिसाव्या शतकातच नवे गोवे, म्हणजे पणजी, येथे छापून ठेवले आहेत. पोर्तुगीज येत असेल तर घरबसल्या वाचता येतात. मराठीत त्यांचा पुरा अनुवाद झाला, तर पुरवण्यांतले निम्मे लेख पुन्हा लिहावे लागतील.

जाता जाता एक. जुन्या गोव्यात ‘हातकात्रो खांब’ दाखवून इन्क्विझिशनच्या गोष्टी सांगतात आणि वर्तमानपत्रे तेच छायाचित्र छापतात. तो शहराचा ‘पेलोरिन्यु’, सरकारी शिक्षेचा खांब म्हणून ओळखला जातो. इन्क्विझिशनचा वाडा, लोकांच्या तोंडी ‘व्हडलें घर’, से कॅथेड्रलजवळच्या चौकात होता. मूळ आदिलशहाचा महाल, मग व्हाइसरॉयचे घर, मग हे न्यायालय. १८३० च्या आसपास तो पाडून दगड हलवले गेले. छायाचित्र छापायचेच असेल तर त्या मोकळ्या जागेचे छापावे.

आपला,
एक वाचक, फोंडे